रेहाल, खुर्ची आणि आपला वारसा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेच्या वाचकांसाठी थोडा विस्ताराने)



भाषण करणे सोपे असते. टाळ्या झाल्या की बोललेले हवेत विरते आणि चुकाही त्याबरोबर विरून जातात. चिटणीस साहेबांनी ते लिहून मागितले, तेव्हा थोडी भीती वाटली. कारण या भाषणात माझी स्वतःची एक चूक आहे आणि ती आता छापली जाणार आहे. तरीही लिहितो. मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या मास्तराने फर्निचरवर का बोलावे, असे आपल्याला वाटेल. त्याचे उत्तर त्या चुकीतच आहे.

आपण हा अंक वाचत आहात तेव्हा कशावर तरी बसलेले असाल. खुर्चीवर बसला असाल तर आपण एका अरबी शब्दावर बसला आहात. ‘खुर्ची’ हे अरबी ‘कुर्सी’चे मराठी रूप आहे. आयतुल कुर्सी आपल्या घरातल्या लहान मुलालाही पाठ असते, शब्द तोच. दिवाणावर बसला असाल तर शब्द फारसी आहे. दिवाण म्हणजे राजाचा दरबार, दिवाण म्हणजे राज्याचा कारभारी, दिवाण म्हणजे शायराच्या कवितांचा संग्रह, आणि दिवाण म्हणजे आपल्या मीरा रोडच्या फ्लॅटमधली, फळी उचलून आत गाद्या ठेवायची बैठकसुद्धा. समोर अलमारी असेल तर तो शब्द पोर्तुगीजांनी दिला. वर्गाच्या भिंतीवरचा तक्ता हा फारसी ‘तख्ता’, म्हणजे फळी. आणि ‘सुतार’ हा संस्कृत ‘सूत्रधार’ या शब्दापासून आला, म्हणजे मापाचे सूत हाती धरणारा. एखादा मिस्त्री रंधा मारून खुर्ची घडवतो, एवढे साधे वाक्य घ्या. ‘मिस्त्री’ पोर्तुगीज, ‘रंधा’ फारसी, ‘खुर्ची’ अरबी, आणि वाक्य मात्र अस्सल मराठी! घरातल्या सामानाइतकी मोकळी सरमिसळ आपल्याला दुसरीकडे क्वचितच सापडेल.

हे मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि मुले हसतात. पण शब्दांच्या मागे जी माणसे आहेत, त्यांच्याकडे मी स्वतः नीट पाहिले नव्हते.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गाचे माहितीपत्रक भरून घेत होतो. एका मुलाने वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात ‘बिझनेस’ असे लिहिले होते. कसला बिझनेस, असे विचारले तर मान खाली घालून गप्प राहिला. शेजारच्या मुलाने सांगितले, “सर, याचे अब्बा काशिमीऱ्याला कारखान्यात पलंगावर नक्षी कोरतात.” वर्गात हशा पिकला. पुढे पालकसभेत ते गृहस्थ आले. मूळचे सहारनपूरकडचे. कपड्यांवर लाकडाचा बारीक भुसा होता, म्हणजे कामावरूनच आले होते. मी मोठ्या आपुलकीने म्हणालो, “मुलाकडे लक्ष द्या. शिकला नाही तर तुमच्यासारखा आयुष्यभर लाकूड घासत बसेल.” त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि जाताना एवढेच म्हणाले, “मास्टरसाहेब, लाकूड घासायलासुद्धा मी शिकलोच आहे.”

पंधरा दिवसांनी त्यांनी मुलाच्या हाती शाळेसाठी एक रेहाल पाठवली. कागदात गुंडाळलेली, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. आजच्या विषयाची सुरुवात त्या रेहालीपासून आहे.

रेहाल आपण सर्वांनी पाहिली आहे. कुरआन शरीफ ठेवण्याची, कातरीसारखी उघडणारी लाकडी घडी. पण ती कशी बनते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. मी समजत होतो की दोन फळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. मुलाने वर्गात सांगितले, “नाही सर, फळी एकच असते.” आणि ज्या मुलाने माहितीपत्रकात वडिलांचा धंदा लपवला होता, त्याने फळ्यावर आकृती काढून आम्हाला समजावून दिले. एक जाड फळी घ्यायची. तिच्या दोन्ही टोकांकडून जाडीच्या मधोमध करवत चालवायची, म्हणजे एका फळीच्या दोन पातळ फळ्या होत जातात. पण जिथे सांधा हवा तिथे करवत थांबते. त्या पट्ट्यात पटाशीने बोटांसारखे भाग सुटे करायचे, एक बोट या फळीचे, पुढचे त्या फळीचे, आणि त्यांच्या कडा गोल करायच्या. आपण एका हाताची बोटे दुसऱ्या हाताच्या बोटांत गुंफतो, अगदी तसे. मग हलक्या हाताने फळ्या ओढल्या की एकाच लाकडातून घडी उघडते. खिळा नाही, सरस नाही, स्क्रू नाही. पटाशी एकदा चुकली की सगळी फळी वाया. वर्गातला हशा त्या दिवशी कुठे गेला कोण जाणे.

वाचकहो, नीट विचार केला तर फर्निचर घडवण्याची सारी अक्कल या एका वस्तूत आहे. ती का आहे? कारण आपण जमिनीवर बसून वाचतो, ग्रंथ जमिनीवर ठेवायचा नाही, आणि वाचताना दोन्ही बाजूंनी त्याच्या बांधणीवर ताण यायला नको. ती घडीची का? कारण तिलावत झाली की जागा मोकळी हवी. नक्षी कुठे असते? बहुधा बाहेरून दिसणाऱ्या भागावर; जिथे ग्रंथ टेकतो तो भाग गुळगुळीत असतो. म्हणजे आधी गरज, मग घडण, मग शोभा. आपल्या शेजारच्या घरांतही हीच वस्तू वेगळ्या नावाने नांदते. ज्ञानेश्वरीचे पारायण करणारे गृहस्थ पोथी ज्या घडीच्या लाकडी पीठावर ठेवतात त्याला व्यासपीठ म्हणतात, आणि भाईंदरच्या जैन बांधवांकडेही धर्मग्रंथासाठी अशीच घडी असते. ग्रंथ निरनिराळे, पण ग्रंथाचा मान राखण्याची रीत आणि ती पुरवणारा सुतार एकच.

ही वस्तू किती जुनी आहे? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मध्य आशियातून आलेली एक लाकडी रेहाल आहे. तिच्यावर हिजरी सन ७६१, म्हणजे इसवी सन १३६० कोरलेले आहे. आणि तिच्यावर घडवणाऱ्याचे नावही आहे : हसन बिन सुलेमान इस्फहानी. साडेसहाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. त्या काळी तिथे राज्य करणाऱ्या कित्येकांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत, पण एका सुताराचे नाव ठाऊक आहे, कारण त्याने आपल्या कामावर ते लिहिले आणि कोणी त्याला अडवले नाही.

आता नक्षीकडे वळू. आजकाल ‘पारंपरिक फर्निचर’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे जाळी, कमान आणि तारा येतात. आपल्या भागातल्या दुकानांत अशा जाळ्या हव्या तेवढ्या मिळतात. संगणकावर चालणारे यंत्र दाबलेल्या भुशाच्या फळीतून पाच-दहा मिनिटांत जाळी कापून देते आणि ती पलंगाच्या डोक्याशी चिकटवली जाते. दिसायला छानच दिसते. पण जाळी मुळात कशासाठी होती, याचा आपल्याला विसर पडला आहे.

लाकूड हवेतला ओलावा पिते आणि सोडते. आपण खाडीकाठी राहतो, त्यामुळे हा अनुभव आपल्याला चांगलाच आहे. जुलै महिन्यात दार अडकते आणि मार्चमध्ये तेच दार अलगद लागते. लाकूड फुगते ते रेषांच्या आडव्या दिशेने. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ फुगतच नाही. म्हणून जुन्या कारागिराने कपाटाचे दार एका अखंड रुंद फळीचे कधी केले नाही. त्याने चौकट केली, चौकटीला आतून खाच पाडली आणि मधली फळी त्या खाचेत सैल बसवली. पावसाळ्यात ती खाचेच्या आत फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि चौकट जागची हलत नाही. इजिप्त आणि सीरियासारख्या कोरड्या, चांगले लाकूड कमी असलेल्या प्रदेशांत कारागीर आणखी पुढे गेले. मोठ्या फळ्या तडकत, म्हणून त्यांनी लहान लहान तुकडे खाचांत गुंफून दारे आणि मिंबर केले. तुकडे एकमेकांत नेमके बसायचे तर त्यांचे कोन नेमके हवेत. त्यातूनच सहा, आठ, दहा टोकांच्या ताऱ्यांची ती थक्क करणारी रचना वाढली. म्हणजे जो तारा आज आपण शोभेसाठी चिकटवतो, तो लाकूड तडकू नये यासाठी केलेल्या हिशेबातून फुलला होता. काश्मीरच्या घरांत छताला खतमबंद म्हणून जे काम असते, तेही असेच लहान तुकड्यांच्या गुंफणीचे असते.

यंत्र वाईट, असे मला म्हणायचे नाही. आपल्या पोरांचे पोट त्या यंत्रावरही चालते. मला एवढेच म्हणायचे आहे की यंत्राला आकृती कोणीतरी काढून द्यावी लागते. ती आकृती जो काढतो, तो ठरवतो. जो फक्त कापतो, तो मजुरी घेतो. आपली मुले या दोहोंपैकी कोणत्या बाजूला असतील, हा माझा प्रश्न आहे.

इतिहासात याची दोन्ही प्रकारची उदाहरणे आहेत आणि ती फार दूरची नाहीत.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत काळ्या शिसवीचे कोरीव फर्निचर बनत असे. इंग्रज अंमलदार आणि शहरातले श्रीमंत ते हौसेने घेत. घाट सगळा विलायती : सोफा, गोल मेज, लिहिण्याचे टेबल, आणि त्यावर इंचही मोकळा न सोडता पाने, वेली, फुले, पक्षी कोरलेले. हात आपल्या कारागिरांचा, आणि तो अप्रतिम होता यात शंका नाही. पण वस्तू कशी असावी हे त्याने ठरवले नव्हते. गिऱ्हाईक सांगेल त्या घाटावर त्याने आपली कला पसरली. त्यामुळे पाठ टेकायच्या जागीही उठावाची नक्षी आली. ज्याला टेकून बसता येत नाही अशी खुर्ची पाहायला सुंदर असते, पण तिच्यावर माणूस अवघडून बसतो. आणि घडवणाऱ्याचे नाव त्यातल्या बहुतेक वस्तूंवर नाही.

याच्या उलट उदाहरण सावंतवाडीचे. आपल्या कोकणातली ही नगरी लाखकामासाठी आणि गंजिफासाठी प्रसिद्ध आहे. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेली गोल पाने, खेळायची. हा खेळ इराणी-मुघल परंपरेतून आपल्याकडे आला. बादशहा बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ साली सिंधमध्ये गंजिफाची पाने पाठवल्याची नोंद आहे. मुघल गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने. हिंदू घरांत हाच खेळ गेला तेव्हा त्याचा दशावतारी गंजिफा झाला. मत्स्य-कूर्मापासून कल्कीपर्यंत दहा रंग आणि १२० पाने. नाव फारसी, चित्रे पुराणातली, लाखेचा मुलामा सावंतवाडीचा! पुढे छापील पत्ते आले आणि गंजिफा खेळणारे उरले नाहीत. चिताऱ्यांचे हात रिकामे झाले. तेव्हा सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी स्वतः या कलेत लक्ष घातले, जाणत्या चिताऱ्यांच्या मदतीने १९७० नंतरच्या दशकात राजवाड्यातच काम सुरू केले आणि नव्या मुलांना शिकवले. पाने रंगवली जाऊ लागलीच, पण त्याबरोबर तीच चित्रे आणि तीच वेलबुट्टी खुर्च्या, मेज, पेट्या, पाट, चौरंग यांवर आली.

आता कोणी म्हणेल, हीसुद्धा चिकटवलेलीच शोभा झाली. तसे मला वाटत नाही. सावंतवाडीचा चितारी पूर्वीपासून लाकूडच रंगवत आला होता : पाळणे, पाट, देव्हारे, खेळणी. पानांवरचे चित्र खुर्चीवर आले ते त्याच हाताने, त्याच रंगलाखेच्या माहितीने आले. खेळ गेला, हात राहिला, आणि हात राहिला म्हणून वारसा राहिला. यातून मला एक कसोटी सापडली, ती आपल्यापुढे ठेवतो. एखाद्या वस्तूत वारसा आहे की नाही हे तिच्यावरच्या तारा-कमानीवरून ठरवू नये. ती ज्याने घडवली त्याला ती तशी का आहे हे माहीत आहे काय, आणि उद्या गरज बदलली तर त्याला ती बदलता येईल काय, हे विचारावे. दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर तो जिवंत वारसा. नसेल तर ती नक्कल, मग ती कितीही सुबक असो.

गरज बदललेली आहेच. मीरा-भाईंदर १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली. मिठागरे आणि शेतांच्या शेजारी इमारती उठल्या. आपल्यापैकी कित्येकजण एका खोलीत किंवा एका खोली-स्वयंपाकघरात पाच-सात माणसांनी राहतात. अशा घरात तीन माणसांचा जाडजूड सोफा आला की मुलांना अभ्यासाला जागा उरत नाही. पाव्हण्यांसाठी घेतलेला सोफा वर्षातले तीनशे दिवस नुसता जागा अडवतो, आणि घरचे लोक त्याला टेकून खाली जमिनीवरच बसतात! आमच्या जुन्या घरांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. दिवसा लोड-तक्क्या लावून बैठक, रात्री तेच अंथरूण. जेवताना दस्तरखान पसरायचे, जेवण झाले की उचलायचे. भिंतीतला कोनाडा म्हणजे कपाट. खाटेखाली संदूक. आणि रेहाल वाचण्यापुरती उघडायची, मग घडी करून भिंतीला टेकवायची. घडी करणे, उचलून ठेवणे, एका वस्तूकडून दोन कामे घेणे, हा आपला खरा वारसा आहे, आणि आजच्या लहान घराला नेमकी त्याचीच गरज आहे.

त्या मुलाने दहावीच्या वर्षी एक गोष्ट केली. घरात अभ्यासाला टेबल नव्हते आणि ठेवायला जागाही नव्हती. त्याने वडिलांना विचारले की रेहाल मोठी करून तिच्यावर फळी टाकली तर जमिनीवर बसून लिहिता येईल का. वडील म्हणाले, डुगडुगेल. मग बापलेकांनी मिळून मधल्या सांध्याची बोटे वाढवली, पायांचे अंतर वाढवले आणि फळीला खालून दोन पट्ट्या मारल्या, म्हणजे ती घसरत नाही. पहिली फळी डुगडुगलीच. दुसरी बरी झाली. तिसरीवर त्याने दहावीचा अभ्यास केला. मी ते पाहायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वडिलांची माफी मागितली. ते हसले आणि चहा मागवला. पलंगावर जागा नव्हती म्हणून आम्ही तिघेही खालीच बसलो आणि चहाचे पेले त्याच फळीवर ठेवले.

आपल्या धर्माने हाताच्या कामाला कमी लेखले नाही, हे मी आपल्याला सांगायला नको. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, असे हदीसमध्ये आहे. हजरत नूह यांनी तारू बांधले. मदिनेच्या मशिदीत पैगंबर साहेब (स.) आधी खजुराच्या बुंध्याला टेकून खुतबा देत, पुढे एका अन्सारी स्त्रीने आपल्या सुतार गुलामाकडून झाऊच्या लाकडाचा पायऱ्यांचा मिंबर करवून घेतला, याचीही नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे. इतकी मोठी परंपरा ज्याच्या पाठीशी आहे, त्या माणसाचा मुलगा वर्गात ‘बिझनेस’ असे का लिहितो? कारण आम्ही शिक्षकांनी आणि आपण पालकांनी त्याला नकळत शिकवले की शिक्षण म्हणजे हातातली पटाशी सुटणे. पटाशी सुटावी असे मला आज वाटत नाही. पटाशीच्या जोडीला पेन्सिल आणि कंपास यावा, असे वाटते.

हे घडते याचे एक उदाहरण सांगतो. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात १८६५ साली लॉकवुड किपलिंग नावाचे शिक्षक आले. १८७५ साली ते लाहोरला नव्या कला विद्यालयात गेले. तिथे त्यांना एक शीख सुतार मुलगा विद्यार्थी म्हणून मिळाला, राम सिंग. लाकूडकाम त्याच्या घरातलेच. किपलिंगांनी त्याला रेखाटन शिकवले. पुढे इंग्लंडच्या राणीच्या ऑस्बोर्न येथील वाड्यातला दरबार हॉल सजवण्याचे काम, १८९० च्या सुमारास, याच भाई राम सिंगांकडे आले. अमृतसरच्या खालसा कॉलेजची इमारत त्यांनी आखली, आणि १९१० साली ते आपल्याच विद्यालयाचे प्राचार्य झाले. सुताराचा मुलगा सुतारकाम न सोडता प्राचार्य झाला. त्याला कोणी ‘लाकूड घासत बसशील’ असे म्हणाले नाही, हे त्याचे भाग्य.

आता थोडे कामाचे बोलतो. आपल्या राज्यात कला संचालनालयातर्फे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा होतात. संकल्पचित्र आणि कर्तव्य भूमिती हे त्यांतले विषय. कारागिराच्या घरातले मूल या विषयांत जन्मतःच दोन पावले पुढे असते. कंपासने वर्तुळ काढून त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा होतात, हे आम्ही त्याला भूमितीत शिकवतो. त्याच्या वडिलांनी ते हजारदा लाकडावर केलेले असते. बारावीनंतर आपल्या पवईच्या आयआयटीत आयडीसी म्हणून जी डिझाइनची संस्था १९६९ पासून आहे, तिथे डिझाइनची पदवी मिळते. प्रवेशाची यूसीड ही परीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येते. अहमदाबादला १९६१ पासून राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे. ती उभी राहण्याआधी चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन फर्निचरकार दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला होता. देशभर फिरून त्यांनी सर्वांत जास्त कौतुक कशाचे केले? आपल्या साध्या लोट्याचे! ज्या वस्तूकडे आपण वळून पाहत नाही, तिच्यातली अक्कल पाहुण्यांना दिसली. आणि ज्याला पदवीचा मार्ग घ्यायचा नाही, त्याला आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम आहेच. तोही तितकाच मानाचा.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांपुढे माझ्या तीन विनंत्या आहेत आणि त्यांत खर्च फारसा नाही. पहिली, चित्रकलेच्या शासकीय परीक्षांसाठी शनिवारी दुपारी मोफत वर्ग असावा आणि महिन्यातून एकदा तिथे पालकांपैकी एखाद्या कारागिराने येऊन शिकवावे, त्याला आपण ‘उस्ताद’ म्हणून खुर्ची द्यावी. दुसरी, शाळेच्या वाचनालयासाठी पुढे जे मेज-बाकडे घ्यायचे, ते विद्यार्थ्यांनी आखावे आणि आपल्याच पालकांनी घडवावे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातल्या कारागिरीचे नमुने आहेत. भाईंदरहून लोकलने मुलांना तिथे नेता येईल, म्हणजे आखण्याआधी पाहणे होईल. तिसरी विनंती सर्वांत लहान आहे : जी वस्तू घडेल, तिच्यावर घडवणाऱ्याचे नाव कोरलेले असावे.

या तिसऱ्या विनंतीला आपल्या महाराष्ट्रातच आधार आहे. औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा आपण पाहिला असेल. सहलीला जाऊन लोक घुमट पाहतात, थडग्याभोवतीची संगमरवरी जाळी पाहतात, फोटो काढतात आणि परततात. पुढच्या वेळी गेलात तर प्रवेशद्वारापाशी क्षणभर थांबा. तिथे दोन नावे नोंदलेली आहेत : स्थपती अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. सतराव्या शतकातली एक मुसलमान आणि एक हिंदू, अशी ही दोन कारागिरांची नावे एकाच दारावर आहेत. बादशहाच्या घराण्याच्या इमारतीवर कारागिराचे नाव चालले, तर आपल्या शाळेच्या बाकावर चालायला काय हरकत आहे?

तो मुलगा आता कॉलेजात आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी वडिलांबरोबर कारखाना. प्रवेशपरीक्षेत यश येईल की नाही, हे अल्लाह जाणे. मी त्याच्यासाठी दुआ करतो, आपणही करावी. मागच्या महिन्यात धाकट्या भावाचे माहितीपत्रक भरायला तोच आला होता. वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात त्याने सुवाच्य अक्षरात ‘लाकडावरील नक्षीकाम’ असे लिहिले आणि माझ्याकडे पाहिले. मी सही केली.

ती रेहाल आमच्या शिक्षकांच्या खोलीत आहे. पालकांनी येऊन पाहावी. तिच्या एका पायाच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, बारीक अक्षरात एक नाव कोरलेले आहे. दोन वर्षे ती रोज हाताळूनही मला ते दिसले नव्हते.

  

— एक सहशिक्षक, बी.ए., बी.एड.